कार्थेजचा बिशप सिप्रियन

उत्तर आफ्रिकेंत, आजच्या ट्यूनिस शहराजवळ, पूर्वीं कार्थेज नांवाचें मोठें रोमन नगर होतें. तेथें तिसऱ्या शतकांत सिप्रियन नांवाचा वक्तृत्वकलेचा एक विख्यात शिक्षक राहत असे. प्रौढ वयांत, इ. स. २४६ च्या सुमारास, त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. दोन-तीन वर्षांतच लोकांनीं त्यास आपला बिशप निवडिलें. कांहीं जुन्या पाळकांस हें रुचलें नाहीं, व तें शल्य पुढें फार दिवस सलत राहिलें.

इ. स. २५० मध्यें सम्राट डेसियस याच्या हुकुमानें साम्राज्यांतील लोकांस देवतांपुढें यज्ञ करून तसा दाखला घेणें भाग पडलें. कार्थेजांत भयानें लोकांची रीघ लागली. कित्येकांनीं यज्ञ न करितां पैसे देऊन नुसता दाखला मिळविला. जे डगमगले नाहींत ते तुरुंगांत पडले. सिप्रियन मात्र शहर सोडून लपून राहिला व पत्रांच्या द्वारें मंडळीचा कारभार पाहूं लागला. त्याच वर्षीं रोमच्या बिशपानें प्राण दिला होता. तेव्हां याचें पलायन पुष्कळांस खुपलें. तो भित्रा होता काय? त्याचा अंत वाचून वाचकांनींच ठरवावें.

छळ ओसरतांच च्युत झालेले लोक परत येऊं लागले. तुरुंगांतील धीराच्या बंधूंनीं त्यांस क्षमेचीं पत्रें दिलीं होतीं. कांहीं पत्रांत एकाचें नांव घालून त्याच्या सर्व माणसांसह, एवढेंच लिहिलेलें असे. म्हणजे एका पत्रावर सारें घरदार आंत! विरोधी पाळक अशांस चौकशीवांचून प्रभुभोजनास घेऊं लागले. उलट रोममध्यें नोव्हेशियन याचें म्हणणें असें कीं, धर्मत्याग करणाऱ्यास मंडळीनें कधींच क्षमा देऊं नये.

स्वतः लपून राहिलेल्यानें पडलेल्यांचा न्याय करावयाचा, ही स्थिति मोठी अवघड होती. इ. स. २५१ मध्यें परतल्यावर सिप्रियन यानें एकट्यानें निकाल न देतां आफ्रिकेंतील बिशपांची परिषद भरविली. ठरलें असें कीं, नुसता दाखला घेणाऱ्यांची एकेकाची चौकशी करून त्यांस परत घ्यावें. यज्ञ करणाऱ्यांनीं दीर्घकाळ पश्चात्ताप करावा, पण मरणकाळीं त्यांस नाकारूं नये. पुढें नव्या छळाचीं चिन्हें दिसतांच सर्व पश्चात्तापी लोकांस आंत घेण्यांत आलें. तरीहि दोन्ही टोकांच्या पक्षांनीं आपापला बिशप उभा केला, आणि एका शहरांत तीन बिशप झाले! अशांत भयंकर सांथ आली, तेव्हां त्यानें आपल्या लोकांस परधर्मीय रोग्यांचीहि सेवा करावयास लाविलें.

फुटीर मंडळ्यांतील बाप्तिस्मा खरा मानावा कीं नाहीं, यावरून रोमचा बिशप स्टीफन याच्याशीं त्याचा कडाक्याचा वाद झाला. इ. स. २५६ च्या परिषदेंत ८७ बिशपांनीं सिप्रियनाचाच पक्ष घेतला. पश्चिमेकडील मंडळीनें पुढें स्टीफनचें मत मानिलें, आणि आमच्या मतें तें योग्यच झालें. परंतु भिन्न मताच्या बिशपास मंडळीबाहेर टाकावयाचें नाहीं, हें सिप्रियन यानें त्या परिषदेच्या आरंभींच सांगितलें होतें.

सम्राट व्हॅलेरियन याच्या छळांत इ. स. २५७ मध्यें त्यास कुरुबिस येथें हद्दपार करण्यांत आलें. पुढच्या वर्षीं त्यास उटिका शहरीं नेण्याकरितां शिपाई येत आहेत असें कळतांच तो पुन्हा लपला; कारण बिशपानें आपल्याच लोकांमध्यें मरावें, अशी त्याची इच्छा होती. सुभेदार कार्थेजांत येतांच तो घरीं परतला. १४ सप्टेंबर २५८ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. त्यापूर्वीं त्यानें मारेकऱ्यास २५ सोन्याचीं नाणीं देवविलीं. रात्रीं मशाली पेटवून लोकांनीं त्याचा देह पुरावयास नेला.