संत नामदेव
संत नामदेव (इ.स. १२७० – इ.स. १३५०) हे वारकरी संप्रदायातील थोर संतकवी व कीर्तनकार होते. ते संत ज्ञानेश्वरांचे समकालीन व सहप्रवासी होत. त्यांच्या आध्यात्मिक जडणघडणीत समकालीन संतमंडळींच्या सहवासाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्राबाहेर, विशेषतः पंजाबात, त्यांनी भक्तिमार्गाचा प्रसार केला.

== जन्म व कुटुंब ==
नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्ये झाला. मराठवाड्यातील नरसी (आता जिल्हा हिंगोली) हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. काही अभ्यासक पंढरपूर मानतात. वडील दामाशेटी शिंपी व्यवसाय करीत. आईचे नाव गोणाई. पत्नी राजाई, तसेच नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र आणि लिंबाई ही कन्या, असा त्यांचा परिवार होता. गंगाखेडच्या संत जनाबाई याच घरात लहानाच्या मोठ्या झाल्या. घरकाम करता करता त्यांनी अभंगरचना केली. व्यापारात नामदेवांचे मन रमेना, त्यामुळे घरच्यांची ओढाताण होई. गोणाई व राजाई यांची ही व्यथा गाथेतील अभंगांतूनही व्यक्त झाली आहे.

== संतमेळ्यातील परीक्षा ==
विठ्ठलाशी असलेल्या जवळिकीमुळे नामदेवांच्या ठायी काहीसा अभिमान होता, असे परंपरा सांगते. एकदा संत गोरा कुंभार यांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक थापटून पाहिले. इतरांनी ते शांतपणे सोसले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले. तेथे त्यांना सांत्वनाऐवजी गुरू करण्याची आज्ञा झाली.

त्यानुसार ते विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजले होते. पिंड नसेल तेथे आपले पाय ठेवावेत, असे त्यांनी नामदेवांना सांगितले. परंतु पाय जेथे ठेवावेत तेथे पिंड दिसू लागली. देव मूर्तीपुरता मर्यादित नसून सर्वव्यापी आहे, हा बोध नामदेवांना येथे झाला. ही कथा औंढा नागनाथ येथील मंदिराशीही जोडली जाते. कच्चेपणा दाखवणारे आणि तो घालवणारे, दोघेही त्यांना संतसंगतीतच भेटले.

== ज्ञानेश्वरांसह तीर्थयात्रा ==
पंढरी सोडण्यास नामदेव नाखूश होते, तरी ज्ञानेश्वरांच्या आग्रहावरून ते तीर्थयात्रेला निघाले. मरुभूमीत तहान लागली असता ज्ञानेश्वरांनी योगसिद्धीने विहिरीत उतरून पाणी प्राशन केले, तर नामदेवांच्या आर्त हाकेने विहीर भरून वाहू लागली, अशी आख्यायिका आहे. ज्ञान व भक्ती एकमेकांस पूरक आहेत, असा तिचा आशय सांगितला जातो. इ.स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदी येथे समाधी घेतली, तेव्हा नामदेव उपस्थित होते. 'आदी', 'तीर्थावळी' व 'समाधी' या अभंगप्रकरणांत त्यांनी ज्ञानेश्वरांचे चरित्र वर्णिले.

== चोखामेळा ==
मंदिरप्रवेश नाकारल्या गेलेल्या संत चोखामेळांना नामदेवांनी आपले मानले. मंगळवेढा येथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळांचा मृत्यू झाला (शके १२६०, इ.स. १३३८). परंपरेनुसार, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला त्या चोखोबांच्या, असे ओळखून नामदेवांनी त्या पंढरपूरला आणल्या व महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांना उंबरठा ओलांडता आला नाही, त्यांना त्याच द्वारासमोर कायमचे स्थान मिळाले.

== पंजाबातील कार्य ==
उत्तरायुष्यात नामदेव पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य होते, असे मानले जाते. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. इ.स. २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले होते.

== साहित्य ==
नामदेवांच्या नावावरील गाथेत सुमारे अडीच हजार अभंग आढळतात. त्यांपैकी काही विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीचे असावेत, असे अभ्यासक मानतात. जनाबाईंचे अभंगही याच गाथेत जतन झाले आहेत.

== समाधी ==
शके १२७२ (इ.स. १३५०) मध्ये पंढरपूर येथे नामदेवांनी देह ठेवला. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील त्यांच्या समाधीची पायरी 'नामदेव पायरी' म्हणून ओळखली जाते. संतांची चरणधूळ आपल्यावर पडावी, या इच्छेने त्यांनी हे स्थान निवडले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या पायरीस वंदन करूनच भाविक मंदिरात प्रवेश करतात.