डेव्हिड ससून : घराण्याचे, पेढीचे आणि जमातीचे वडील

आपल्या मंडळींत ससून हे नाव न ऐकलेला माणूस सापडणे कठीण. कुलाब्याची ससून गोदी, काळ्या घोड्याजवळची ससून लायब्ररी, पुण्याचे ससून इस्पितळ ही नावे आपल्या तोंडी इतकी बसली आहेत की, त्यांच्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता, चौदा मुलांचा बाप होता, हे आपण विसरून जातो. इथे जन्मलेल्या आपल्या नातवंडांना तर हे नावही परके झाले आहे. म्हणून या अंकात डेव्हिड ससून यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांच्याविषयी आपल्या बेने इस्राएल समाजाच्या मनात एक जुना सल आहे, हे वडीलधाऱ्या वाचकांना ठाऊक आहेच. तोही आम्ही झाकून ठेवणार नाही.

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदाद शहरी झाला. त्यांचे वडील शेख ससून बेन सालेह हे तेथील यहुदी समाजाचे प्रमुख असून पाशाच्या खजिन्याचा कारभारही पाहत असत. घरात मान होता, पैसा होता, तोराचे शिक्षण होते. परंतु दाऊद पाशाच्या अमदानीत यहुदी व्यापाऱ्यांवर जुलूम सुरू झाला आणि डेव्हिड यांच्या जिवावर बेतले. 1829 च्या सुमारास त्यांनी जन्मगाव सोडले आणि बसऱ्यामार्गे इराणचे बुशहर बंदर गाठले. वृद्ध वडीलही मागोमाग तेथे आले आणि 1830 साली, ऐंशीच्या घरात, परमुलखातच त्यांनी देह ठेवला. त्यावेळी डेव्हिड अडतीस वर्षांचे होते. पहिली पत्नी हन्ना 1826 सालीच निवर्तली होती. तिची चार मुले आणि दुसरी पत्नी फरहा असा संसार पाठीशी होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर सर्व सोडून नव्या मुलखात पहिल्यापासून सुरुवात करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

1832 च्या सुमारास ते कुटुंबासह मुंबईत आले. वेळ अनुकूल ठरली. चीनशी व्यापार करण्याचा ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता 1833 च्या कायद्याने संपला आणि खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. डेव्हिड शेठ यांनी इराणी आखातातील जुन्या ओळखी जपल्या. तिकडचा माल इकडे आणि इकडचे कापड, सूत तिकडे असा जम बसविला. 1844 साली दुसरे चिरंजीव एलियास यांना त्यांनी चीनला धाडले. पुढे हाँगकाँग व शांघाय येथे पेढीच्या शाखा निघाल्या. 1858 साली आणखी एक चिरंजीव लंडनला गेले. थोड्याच वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेस जाणे बंद झाले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा लंडनची ती शाखा फार उपयोगी पडली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या संपत्तीत माळव्याच्या अफूचा वाटा मोठा होता. ती अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. सरकार त्यावर महसूल घेई आणि मुंबईचे पुष्कळ नामांकित शेठ त्या धंद्यात होते. तरीही त्या मालाने चीनमधील किती घरे उद्ध्वस्त केली, हे आज आपण जाणतो. इतरांनीही हेच केले, एवढे म्हणून हा हिशेब मिटत नाही.

पेढी वाढली तरी घराची शिस्त बदलली नाही. डेव्हिड शेठ शेवटपर्यंत बगदादी झगा आणि फेटा वापरीत. घरात अरबी बोलली जाई. पेढीचा पत्रव्यवहारही अरबीतच, पण हिब्रू अक्षरांत चाले. 1853 साली त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, तेव्हा त्या कागदावर त्यांनी हिब्रूत सही केली. शाब्बाथला पेढी बंद राही. आठही मुलांना त्यांनी हिब्रू व धर्मशिक्षण देवविले आणि मग एकेकाला या शाखेतून त्या शाखेत पाठवून धंद्यात तयार केले. बगदादहून पोट भरण्यासाठी येणाऱ्या यहुदी तरुणांना पेढीत काम मिळे, त्यांच्या मुलांसाठी शाळा मिळे. घर, पेढी आणि जमात ही त्यांच्या लेखी तीन वेगळी खाती नव्हती.

दानधर्म करताना मात्र त्यांनी आपल्या जमातीपुरतेच पाहिले नाही. 1857 साली मुंबईत वाट चुकलेल्या मुलांना हुन्नर शिकविणारी शाळा निघाली, तिला त्यांचा आधार होता. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग 1864 साली पुरे झाले. पुण्यात त्यांनी ओहेल डेव्हिड सिनेगॉगचे काम 1863 साली सुरू केले. लाल विटांच्या त्या इमारतीला आणि तिच्या उंच घड्याळाच्या मनोऱ्याला पुणेकर लाल देऊळ म्हणू लागले. पुण्याच्या इस्पितळासाठी त्यांनी मोठी देणगी दिली, तेथे सर्व जातिधर्मांच्या रोग्यांना दार उघडे होते. मुंबईच्या लायब्ररीसाठी 60,000 रुपये दिले.

आता त्या सलाविषयी. बगदादी मंडळी मुंबईत आली, तेव्हा त्यांच्याआधी येथे आपले बेने इस्राएल होते. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेले शाआर हारहामीम, म्हणजे आपली जुनी मशीद, उभी होती. सुरुवातीस नव्या पाहुण्यांनी आपल्याच सिनेगॉगात प्रार्थना केली, आपल्याच कबरस्थानात आपली माणसे पुरली. परंतु 1836 साली बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, कबरस्थानात मधोमध भिंत घालावी. आपल्या कुळाच्या शुद्धतेविषयी त्यांना शंका होती. डेव्हिड शेठ त्या समाजाच्या पुढाऱ्यांत होते, तेव्हा या गोष्टीचा दोष त्यांच्या पदरी येतोच. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून शतकानुशतके शाब्बाथ पाळणाऱ्या आपल्या पूर्वजांना, मेल्यानंतरही शेजारी चालणार नाहीत, असे सांगण्यात आले. तीच शंका पुढे इस्राएलात 1962 साली पुन्हा आपल्या दारात आली, आपल्या मुलामुलींच्या लग्नांत आडवी आली. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये, आपल्या लोकांनी धरणे धरल्यानंतर, बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे क्नेसेटने मान्य केले. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना ससून हे नाव ऐकून नुसता अभिमान वाटत नसेल, तर त्यात त्यांची चूक नाही.

7 नोव्हेंबर 1864 रोजी पुण्यात डेव्हिड शेठ यांचे निधन झाले. वय बहात्तर. त्या काळी ते दीर्घायुष्यच म्हणायचे. लाल देऊळ अपुरेच होते. त्याच आवारात त्यांची कबर आहे. सिनेगॉग आणि इस्पितळ दोन्ही 1867 साली खुली झाली आणि लायब्ररीची इमारत 1870 साली, म्हणजे यांपैकी एकही काम पुरे झालेले त्यांनी पाहिले नाही.

आणि ज्या 1867 साली सिनेगॉग पुरे झाले, त्याच साली घर फुटले. थोरले अब्दुल्ला पेढीचे धनी झाले होते. एलियास वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची पेढी काढली. अब्दुल्लांचे आल्बर्ट झाले. 1875 साली त्यांनी कुलाब्याची गोदी बांधली, पुढे विलायतेत स्थायिक झाले आणि 1890 साली बॅरोनेट झाले. एकामागून एक भाऊ लंडनला गेले. झगा आणि फेटा गेला, अरबी गेली. विलायतेतला एक नातू जमातीबाहेर लग्न करून बसला, म्हणून घरच्यांनी त्याला दूर केले. त्याचाच मुलगा, म्हणजे डेव्हिड शेठ यांचा पणतू, सीगफ्रीड ससून हा इंग्रजीतला नामांकित कवी झाला, पण यहुदी रीतीत वाढला नाही. उलट धाकट्या सुनेने, फ्लोरा ससून यांनी, 1894 साली पती सॉलोमन वारल्यावर मुंबईची पेढी स्वतः चालविली आणि तोराचा अभ्यासही सोडला नाही. त्यांच्या मुलाने हिब्रू हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला. एकाच घरातून दोन्ही वाटा निघाल्या.

आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले, पण आपल्या घरातल्या मुलांना मराठी टिकवून देता आली की नाही, याचे उत्तर देताना अडखळतो. म्हणून डेव्हिड शेठ यांच्याकडे पाहताना आम्हाला त्यांच्या दौलतीपेक्षा त्यांची ही धडपड जवळची वाटते. शाखा, शाळा, सिनेगॉग, शाब्बाथ, घरची भाषा, सारे त्यांनी जमविले. तरी ते डोळ्यांआड होताच तीन वर्षांत पेढी दुभंगली. आजोबांनी कितीही घट्ट धरले तरी नातवंडे आपल्या वाटेने जातात.

पण इस्पितळात अजून रोगी जातात. लायब्ररीत अजून विद्यार्थी वाचत बसतात, आणि तिथेच झगा आणि फेटा घातलेला त्यांचा संगमरवरी पुतळा उभा आहे. ज्या दानाला त्यांनी भिंत घातली नाही, ते टिकले. भिंतीची आठवण ठेवूनही, या दानाबद्दल आपण त्यांचे नाव आदराने घ्यावे, असे आम्हाला वाटते. वाचक बंधुभगिनींनो, पुढे मुंबई-पुण्याला जाल, तेव्हा नातवंडांना बरोबर घ्या. लाल देवळाच्या आवारात त्या कबरीवर एक खडा ठेवा, आणि मुलांना दोन्ही गोष्टी सांगा, इस्पितळाची आणि भिंतीचीही.