मेलेल्यांना पुन्हा बाहेर काढणारा फोटोग्राफर

लखनौची दोन दिवसांची ट्रिप करून आलेल्या कुणाचंही इन्स्टा उघडा. रूमी दरवाजा, बडा इमामबाडा, तोफगोळ्यांनी पोखरलेल्या रेसिडेन्सीच्या भिंती. मधेच एक कबाबची प्लेट. कबाब सोडले तर या सगळ्या जागांवर १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये एक परदेशी पाहुणा कॅमेरा लावून गेलाय. फेलिचे बियातो त्याचं नाव. वय जेमतेम पंचविशीचं. तो शहरात होता काही आठवडेच, पण तेव्हाच्या लखनौचं जे चित्र आज आपल्या डोळ्यांसमोर येतं, ते बरंचसं त्याचंच.

बियातोचा जन्म १८३२ मधला, व्हेनिसचा. बालपण गेलं कॉर्फू बेटावर. तेव्हा तिथे इंग्रजांचा अंमल होता, त्यामुळे हा इटालियन पोरगा कागदोपत्री ब्रिटिश प्रजाजन. पुढे ही गोष्ट त्याला फार उपयोगी पडली. त्याच्या बहिणीचा नवरा, जेम्स रॉबर्टसन, कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीत नाण्यांचं कोरीवकाम करायचा आणि फोटोही काढायचा. मेहुण्यांची जोडी जमली. १८५५ मध्ये दोघांनी क्रिमियाच्या युद्धात पडलेल्या सेवास्तोपोल शहराचे फोटो काढले. युद्धाचे फोटो विकले जातात, हे बियातोला तिथेच कळलं असणार.

म्हणून हिंदुस्थानातल्या उठावाची बातमी युरोपात गाजायला लागल्यावर तो निघालाच. फेब्रुवारी १८५८ मध्ये कलकत्त्याला उतरला. मार्चमध्ये इंग्रजांनी लखनौ परत घेतलं आणि पाठोपाठ हा हजर.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे खिशातून मोबाइल काढणं नव्हे. जड लाकडी कॅमेरा, तिवई, काचेच्या मोठमोठ्या प्लेट्स, रसायनांच्या बाटल्या, आणि हे सगळं उचलायला माणसं. एक्स्पोजर काही सेकंदांचं. हलणारी वस्तू धूसर यायची किंवा चक्क गायब व्हायची. त्यामुळे लढाई सुरू असताना तिचा फोटो काढणं अशक्यच होतं. लढाई संपल्यावर जे उरतं, तेवढंच कॅमेऱ्यात यायचं.

सिकंदरबागेतला फोटो इथूनच समजून घ्यावा लागतो. ही बाग नवाब वाजिद अली शाहने सिकंदर महल या बेगमेसाठी बांधलेली. चारी बाजूंनी उंच भिंत. १६ नोव्हेंबर १८५७ ला इंग्रज फौजेने ती भिंत फोडली आणि आत अडकलेले सुमारे २,००० हिंदुस्थानी शिपाई कापून काढले. पिंपळावरून गोळ्या झाडणारी उदा देवी इथलीच. तिचा पुतळा आज तिथे आहे.

बियातो पोहोचला तो यानंतर चार महिन्यांनी. त्याच्या फोटोत मागे खांबांची, गोळ्यांनी चाळण झालेली इमारत दिसते. काही हिंदुस्थानी माणसं आणि एक घोडा उभा. आणि पुढच्या सगळ्या अंगणभर कवट्या आणि हाडं विखुरलेली. फोटो पाहताना वाटतं, लढाई आत्ताच संपली. पण तेव्हा लखनौत असलेल्या जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवलंय की, ते अवशेष झाकून टाकलेले होते. फोटोग्राफरने हट्ट धरला म्हणून ते पुन्हा उघडे केले.

थोडक्यात, सेट लावला होता. हाडं खरी, जागा खरी, मांडणी मात्र फोटोग्राफरची. हा फोटो खोटा ठरवून बाजूला सारावा, असं मला वाटत नाही. मारलेल्या माणसांना जिंकणाऱ्यांनी कसं वागवलं, याचा इतका उघड पुरावा दुसरा कुठला असणार? बियातोला बहुधा इंग्रज गिऱ्हाइकांसाठी विजयाची आठवण बनवायची होती. मला अडखळायला होतं ते त्या उभ्या माणसांपाशी. त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांना तिथे उभं राहायला सांगितलं गेलं आणि ते उभे राहिले.

याच पाहुण्याचे आपल्यावर उपकारही आहेत. गोमतीकाठचा छत्तर मंझिल महाल आणि त्याच्यासमोर तरंगणारी नवाबाची माशाच्या आकाराची नाव, हा त्याचा फोटो भन्नाट आहे. कैसरबागेचेही त्याने फोटो काढले. नंतर इंग्रजांनी लष्कराच्या सोयीसाठी शहराच्या मधोमध रुंद रस्ते काढले आणि मोठा भाग पाडून टाकला. जे गेलं, त्यातलं बरंच बियातोच्या काचांवर उरलं.

आणि हो, लखनौत कॅमेरा काही त्याने आणला नव्हता. शहरातलेच अहमद अली खान १८५७ च्या आधी तिथल्या इंग्रजांचे आणि हिंदुस्थान्यांचे पोर्ट्रेट काढत होते. गावातल्या माणसाने माणसं टिपली. पाहुण्याने टिपले भग्न वाडे आणि हाडं.

दिल्ली, कानपूर, आग्रा करून बियातो १८६० मध्ये इंग्रज फौजेबरोबर चीनला गेला. ताकूचा किल्ला पडला तेव्हा आत चिनी सैनिकांची प्रेतं पडली होती. आपले फोटो होईपर्यंत ती हलवू नका, अशी त्याने विनंती केल्याचं फौजेतल्या एका डॉक्टरने नोंदवलंय. म्हणजे लखनौचा हट्ट एकदाचा नव्हता.

१८६३ पासून मात्र तो जपानमध्ये रमला. योकोहामाला स्टुडिओ थाटला, जपानी चित्रकारांकडून फोटो हाताने रंगवून घेतले. सामुराई, चहाची दुकानं, रस्ते असे टुरिस्टांना हवेसे फोटो. १८६६ च्या आगीत स्टुडिओ जळला, त्याने पुन्हा उभा केला. १८७७ मध्ये धंदा विकला, मग सट्ट्यात पैसे घालवले. पुढे ब्रह्मदेशात मंडालेला जाऊन फोटो आणि शोभेच्या वस्तूंचं दुकान काढलं. मंडालेचा राजवाडाही इंग्रजांनी नुकताच घेतला होता, हे वेगळं सांगायला नको.

त्याचा भाऊ अँटोनियोही फोटोग्राफर, इजिप्तमध्ये लक्सरला असायचा. काही फोटोंवर दोघांची नावं एकत्र असल्यामुळे, एकच माणूस इजिप्त आणि जपानमध्ये एकदम कसा, हे कोडं अभ्यासकांना बरीच वर्षं छळत राहिलं. फेलिचे कधी आणि कुठे वारला, हेही ठाऊक नव्हतं. २००९ मध्ये मृत्यूचा दाखला सापडला. फ्लोरेन्स, २९ जानेवारी १९०९. जन्म व्हेनिसचा, हेही त्याच कागदावरून पक्कं झालं.