तबकडी, साखळ्या आणि ‘स्टेडी’ एड

आपल्या कॉलेजच्या मैदानाचं अर्धं अंग पार्किंगने खाल्लंय. उरलेल्या अर्ध्यात क्रिकेटच्या पाच मॅचेस एकाच वेळी चालतात, त्यामुळे कुणाच्या मिडऑनला कुणाचा थर्डमॅन उभा आहे हे देवच जाणे. आमच्या ग्रुपच्या वाट्याला आली ती कुंपणालगतची पट्टी. चार गुलमोहोर, एक जांभूळ, मधे सुबाभळीचं रान. तिथे कुठलाच खेळ खेळता येत नाही असं सगळ्यांचं मत होतं. मग मित्राच्या मावशीने अमेरिकेहून प्लास्टिकच्या तीन तबकड्या आणल्या आणि आमचं सबमिशनचं वेळापत्रक कोलमडलं.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. गोल्फसारखाच, फक्त चेंडू-काठीऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. टोपली आम्ही वर्कशॉपमध्येच वेल्ड केली. सायकलची रिम आणि साखळ्या कल्याणच्या भंगारवाल्याकडून आणल्या. वेल्डिंग कुणी केलं ते विचारू नका, टोपली अजून डावीकडे झुकलेली आहे.

खरी गंमत फोरहँडची. हात शरीरासमोरून आडवा नेऊन, पाठमोरं वळून टाकतात तो बॅकहँड. तर्जनी आणि मधलं बोट कडेखाली, अंगठा वर, कोपर कमरेजवळ आणि मनगटाचा एक झटका, हा फोरहँड. तलावपाळीला मासुंद्याच्या काठावर उभं राहून चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जावा म्हणून आपण जसा आडवा भिरकावतो, अगदी तसा. सिव्हिलवाल्यांची टेप आणून मोजलं. बॅकहँड पंचावन्न मीटर, फोरहँड कसाबसा अडतीस. तोही जाताना थरथरत.

अडतीसच का, हे शोधता शोधता जो माणूस सापडला त्याची ही गोष्ट. एडवर्ड हेड्रिक, म्हणजे सगळ्यांचा ‘स्टेडी’ एड.

एडचा जन्म २८ जून १९२४ चा, कॅलिफोर्नियाचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाऊन आला. आपल्या गोष्टीशी त्याचा संबंध येतो तो १९६४ साली, चाळिशीत, जेव्हा तो व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीत रुजू झाला. ही कंपनी रिचर्ड नेर आणि आर्थर मेलिन या दोन मित्रांनी १९४८ साली एका गॅरेजमध्ये सुरू केली होती, आणि त्यांचा पहिला माल होता गलोल! बेचकीतला खडा निशाणावर बसला की जो आवाज होतो तेच कंपनीचं नाव. याच कंपनीने १९५८ साली हुला हूपचं वेड सगळ्या अमेरिकेला लावलं, आणि ते वेड चढलं तितक्याच झपाट्याने उतरलंसुद्धा.

उडती तबकडी मात्र एडने शोधली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो मान फ्रेड मॉरिसनचा. हा गडी तरुणपणी समुद्रकिनाऱ्यावर केक भाजायची थाळी फेकून दाखवायचा आणि पाच सेंटची थाळी पंचवीस सेंटला विकायचा. पुढे त्याने प्लास्टिकची तबकडी बनवली. ती व्हॅम-ओने घेतली आणि १९५७ साली तिला फ्रिस्बी हे नाव दिलं, एका पाय विकणाऱ्या बेकरीच्या नावावरून. (हा पाय म्हणजे गोड सारण भरलेला पदार्थ. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा गैरसमज झाला होता.)

एड आला तेव्हा फ्रिस्बी हे बीचवरचं खेळणं होतं. हवेत डगमगायची, वाऱ्यावर भरकटायची. एडने तिच्या पाठीवर एकात एक अशी उंचवट्याची वलयं घातली. ग्रामोफोनच्या तबकडीवर दिसतात तशी. फ्लुइड मेकॅनिक्स ज्यांचं निघालंय त्यांच्यासाठी: तबकडीच्या पाठीला लागून हवेचा जो पातळ थर वाहतो तो या वलयांनी किंचित विस्कटतो. गोल्फच्या चेंडूवरच्या खळग्यांचा जो फंडा, साधारण तोच. (ज्यांची केटी आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.) २६ डिसेंबर १९६७ रोजी त्याला याचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्या वलयांना लोक आजही हेड्रिकची वलयं म्हणतात. शनीच्या खालोखाल नशीब म्हणायचं!

पण मला त्याचं मोठेपण वलयांपेक्षा दुसऱ्या गोष्टीत वाटतं. त्याने या खेळण्याला खेळाचं साहित्य मानलं. नव्या तबकडीचं नावच प्रोफेशनल मॉडेल ठेवलं. १९६७ साली आंतरराष्ट्रीय फ्रिस्बी संघटना काढली, सभासद केले, स्पर्धा भरवल्या. तबकडी सरळ जाऊ लागली म्हणून नेम धरता आला, आणि नेम धरता आला म्हणून कोण किती लांब फेकतो हे मोजण्यात अर्थ आला. डगमगत्या तबकडीचं अंतर कोण मोजणार?

मग आलं १९७५. तबकडीने गोल्फ खेळायची कल्पना एकट्या एडची नव्हती. झाडं, कचऱ्याचे डबे, दिव्याचे खांब यांना निशाण करून पोरं आधीपासून खेळत होती. एडने केलं ते असं, की कायमचं मैदान उभारलं. जागा ओक ग्रोव्ह पार्क, ला कन्याडा फ्लिंट्रिज. शेजारीच नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी! कुंपणाच्या एका बाजूला ग्रहांकडे यानं पाठवायची गणितं आणि दुसऱ्या बाजूला ओकच्या झाडांतून तबकड्या. या मैदानासाठी एकही झाड तोडावं लागलं नाही. उलट झाडं हाच खेळातला अडथळा. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते सांगायला नको. आमच्याकडे मैदान म्हणजे दोन टॉवरमधली रिकामी जागा, तिसरा टॉवर येईपर्यंत.

सुरुवातीला निशाण म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की चाटून गेली, यावर दर फेकीला भांडण. (आमच्याकडे एलबीडब्ल्यूवर होतं तेच.) या भांडणांना कंटाळून एडने आपल्या मुलाला, केनला, बरोबर घेऊन साखळ्यांची टोपली बनवली. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खालच्या जाळीत पडते. लागली की खणखणाट होतो, वादच संपला. १९७७ साली त्याचंही पेटंट झालं. मला विचाराल तर हे डिझाइन वलयांपेक्षा सरस आहे. वेगात येणारी, स्वतःभोवती गरगरणारी वस्तू उसळू न देता अडवायची, तीही लोंबत्या साखळ्यांनी, मोटर नाही, स्प्रिंग नाही! आम्ही पहिल्यांदा साखळ्या ताठ बांधल्या होत्या, तर तबकडी चेंडूसारखी परत अंगावर आली. सैल सोडल्या तेव्हा कुठे अडकायला लागली.

व्हॅम-ओतलं चांगलं पद सोडून एड आता पूर्णपणे याच खेळाच्या मागे लागला होता. १९७६ साली त्याने व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली, पीडीजीए. सभासद क्रमांक एक अर्थातच तो स्वतः. १९७९ साली पन्नास हजार डॉलरच्या बक्षिसांची स्पर्धा झाली. तबकडी फेकायचे पन्नास हजार डॉलर! आणि खेळ रांगेला लागतोय असं दिसल्यावर, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने संघटना खेळाडूंच्याच हवाली केली. आपण कॉलेजच्या फेस्टचं सेक्रेटरीपदसुद्धा पुढच्या वर्षीच्या मुलांना सुखासुखी देत नाही.

आता पुन्हा अडतीस मीटरकडे. १९८३ साली डेव्ह डनिपेस या खेळाडूने नवीनच तबकडी आणली. कड सुरीच्या पात्यासारखी उतरती. हवेचा विरोध कमी, अंतर एकदम जास्त. तिथून लांब फेकीचं सगळं शास्त्रच बदललं, आणि खेळाडू एडची फ्रिस्बी पिशवीतून काढून ठेवू लागले. आज लांब जाणाऱ्या गोल्फ डिस्कची पाठ बहुधा गुळगुळीत असते. ज्या वलयांमुळे माणूस ओळखला जातो, ती त्यानेच उभ्या केलेल्या खेळात फारशी उरली नाहीत. टोपली मात्र त्याचीच राहिली.

अंतराचे आकडे ऐका. १९९८ साली स्कॉट स्टोकलीने २११ मीटर फेकली. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या ख्रिश्चन सँडस्ट्रॉमने बरोबर २५० मीटर. २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात, पाठीवर वारा घेऊन, डेव्हिड विगिन्स ज्युनियरने ३३८ मीटर. वाचून हातातला वडापाव खाली ठेवावा असे आकडे. पण हे विक्रम बॅकहँडचे. बॅकहँडला सगळं शरीर पिळून हात लांबवरून ओढता येतो, वेग घ्यायला अंतर मिळतं. फोरहँडला ओढ आखूड, सगळी मदार शेवटच्या झटक्यावर. त्यामुळे फिरकी सहसा कमी पडते, आणि हाताची पातळी जराशी हलली तरी तबकडी थरथरते. थरथर म्हणजे ऊर्जा फुकट.

तरीही मोठ्या स्पर्धांत चारशे फुटांपलीकडे, म्हणजे सव्वाशे मीटरच्या आसपास, फोरहँड टाकणारे खेळाडू आज आहेत. आणि फोरहँडशिवाय त्यांचं चालत नाही. उजव्या हाताचा बॅकहँड वेग मंदावला की डावीकडे वळतो आणि फोरहँड उजवीकडे, कारण फिरकी उलटी. ओक ग्रोव्हसारख्या झाडीत उजवीकडे वळणारी वाट आली की कितीही लांबचा बॅकहँड असो, झाडाला जाऊन आपटतो. एडने मैदान झाडांत नेलं तेव्हाच फोरहँडची गरज ठरून गेली. आमच्या जांभळामागची टोपलीसुद्धा नेमकी उजवीकडे आहे. कोपर अंगाजवळ ठेवून, ताकद कमी आणि मनगट जास्त असं दोन महिने घोटल्यावर आमची टेप सत्तेचाळीसपर्यंत गेली. थरथर बरीच कमी झाली.

जुलै २००२ मध्ये हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेसाठी एड मायामीला गेला होता. तिथेच त्याला पक्षाघाताचे झटके आले. १२ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या घरी तो गेला.

त्याची शेवटची इच्छा त्याच्या माणसांनी पुरी केली. दहनानंतरची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवल्या, घरच्यांना आणि मित्रांना वाटल्या. काही विकून आलेले पैसे त्याच्या स्मारकाच्या कामी लावले.

हे मी घरी सांगितलं. आजी गहू निवडत होती. आजोबांच्या अस्थी तिने नाशिकला रामकुंडात सोडलेल्या, त्यामुळे मला वाटलं आता बोलणी बसणार. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग ती तबकडी झाडावर अडकली तर काढतं कोण, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, काढतात गं, दगड मारून नाहीतर वर चढून. आमचीपण मागच्या आठवड्यात गुलमोहोरावर अडकली होती, वॉचमन काकांनी बांबूने पाडून दिली.