मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांचं रक्त तपासणाऱ्या डॉ. लुसी विल्स

आशाताई गरोदर बाईच्या हातात जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात लोहासोबत फॉलिक ॲसिड असतं. बेळगावात, इंदुरात, तीच. यातल्या फॉलिक ॲसिडचा माग पहिल्यांदा मुंबईत लागला, हे मलाही अलीकडेच कळलं. आम्ही पडलो कॉमर्सवाले!

माग काढणाऱ्या बाई इंग्रज. लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. पुढे वडील गेले, पाठोपाठ मोठी बहीण गेली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या, तिथे त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. मग लंडनला परतून बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या. लग्न केलं नाही.

१९२८ साली त्या मुंबईला आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग व्हायचा आणि त्यातल्या कितीतरी जणी दगावायच्या. रक्त तपासलं की तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसायच्या. कारण कुणालाच कळेना. आधी जंतूंचा संशय होता, पण तसा जंतू काही सापडला नाही. मग बाईंनी या बायकांचं ताट पाहायला सुरुवात केली. ज्यांच्या ताटात फळं, भाजीपाला आणि प्रथिनं नावालाच, त्यांनाच हा आजार जास्त गाठत होता.

त्यानंतर उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. तसलाच निकस आहार दिला की जनावरं आजारी पडत. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा अर्क, म्हणजे विलायतेत पावाला लावतात ते मार्माइट, दिलं की सुधारत. बायकांनाही तेच दिलं आणि रक्त झपाट्याने भरून आलं. दुसऱ्या एका पंडुरोगावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क मात्र इथे उपयोगी पडत नव्हता. म्हणजे मार्माइटमध्ये काहीतरी वेगळंच होतं. १९३१ साली त्यांनी हे छापलं. नाव नसलेल्या त्या पदार्थाला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले. मार्माइट स्वस्त होतं, ही गोष्ट माझ्या मते शोधाइतकीच मोठी.

१९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं. पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, त्यावरून हे नाव. १९४५ साली अमेरिकेत ते प्रयोगशाळेत बनलं, त्यामागे आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा चमू होता. लुसीबाई १९४७ साली निवृत्त झाल्या, लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेवक झाल्या आणि १६ एप्रिल १९६४ रोजी गेल्या.

पुढची गोष्ट त्यांना पाहायला मिळाली नाही. सारखंच जेवण, पण सगळ्यांना ते सारखं पुरत नाही. शरीरात फोलेट वापरण्याजोगं करणारं एक विकर असतं, त्याच्या जनुकाचं नाव एमटीएचएफआर. त्यातला एक बदल १९९५ साली सापडला. तो आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर हे विकर मंदावतं. एवढ्याने कुणी आजारी पडेलच असं नाही, पण ताटात भाजी कमी असेल तर अशांना उणीव लवकर भासते. सिकलसेलचं वेगळं. तिथे दोष रक्ताच्या जनुकात, पेशी लवकर फुटतात, नव्या बनवायला फोलेट जास्त लागतं. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर बहुधा फॉलिक ॲसिड कायमचं लिहून देतात.

आपल्याकडे तांबडी भाजी, पालक, मेथी काही दुर्मिळ नाही. पण भाजी उकडून पाणी मोरीत ओतलं की फोलेट त्या पाण्याबरोबर जातं. आणि गोळी दिवस राहिल्याचं कळल्यावर सुरू होते, तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. म्हणून मूल हवं असं ठरवणाऱ्या जोडप्याने आधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा कितीतरी पट जास्त लागते, तीही डॉक्टरच ठरवतात.