चंद्रकोरीचा सरदार : दाते मासामुने

ईशान्य जपानमधील योनेझावा येथे १५६७ साली दाते मासामुने जन्मला. बालपणीच देवी आल्या व उजवा डोळा गेला. तरीही १५८४ साली तो घराण्याचा प्रमुख झाला.

त्याचे चिलखत लोखंडी पत्र्यांचे, काळे रोगण दिलेले. शिरस्त्राणावर मात्र मोठी सोनेरी चंद्रकोर! ती उजवीकडे आखूड आहे. तलवार उगारताना अडथळा नको म्हणून, असे सांगतात. १५९२ साली कोरियाच्या मोहिमेवर निघताना क्योतो शहरातून त्याचे सैन्य गेले, तेव्हा तो थाट पाहून लोक थक्क झाले. पाहणाऱ्याची नजर आधी चंद्रकोरीवर जाई, डोळ्यावर नव्हे.

पुढे त्याने सेंदाई शहर वसविले, १६१३ साली युरोपला वकील धाडला. १६३६ साली तो वारला. आपल्या चित्रांत दोन्ही डोळे दाखवावेत, अशी त्याची इच्छा होती म्हणतात.

ते चिलखत आज सेंदाईच्या संग्रहालयात आहे. त्याचे छायाचित्र पाहताना मला आजी आठवली. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. फोटो काढताना ती पदर पुढे ओढी आणि आम्ही हसत असू. एवढ्या शूर सरदारालाही जे सलत होते, ते आजीला सलत असेल, हे मला फार उशिरा कळले.