मोटारीचा श्वास सांभाळणारे विल्हेल्म मायबाख

जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट या गावी १८८० च्या दशकात एका बंगल्याच्या बागेतील काचघरातून वेळी-अवेळी ठोकाठोकीचे आवाज येत असत. आत दोघे जण स्वतःला कोंडून घेऊन काय करतात, याचा कोणालाच थांगपत्ता नव्हता. इथे खोटी नाणी पाडली जात असावीत, अशी शंका बंगल्याच्या माळ्याला आली आणि त्याने पोलिसांना वर्दी दिली. पोलिसांनी गुपचूप झडती घेतली, तेव्हा इंजिनाच्या सुट्या भागांखेरीज हाती काही लागले नाही. त्या दोघांपैकी बंगल्याचे मालक गॉटलिब डायम्लर यांचे नाव पुढे जगभर झाले. दुसरे होते विल्हेल्म मायबाख. इंजिनाला हवा आणि पेट्रोल यांचे नेमके मिश्रण पाजण्याची विद्या मोठ्या प्रमाणात या दुसऱ्या माणसाची. पण त्यांचे नाव आयुष्यभर दुसऱ्याच क्रमांकावर राहिले.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ चा. वडील सुतारकाम करीत. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई गेली, दहा वर्षांचा असताना वडीलही गेले. रॉयटलिंगेन येथे गुस्टाफ व्हेर्नर या धर्मोपदेशकाने अनाथांसाठी चालवलेल्या संस्थेत त्याला आसरा मिळाला. दानावर जगण्याऐवजी मुलांच्या हाती कसब द्यावे, या विचाराने व्हेर्नर यांनी संस्थेला कारखाना जोडला होता. तिथे विल्हेल्मचा हात यंत्रांच्या रेखाटनात बसला. १८६३ मध्ये डायम्लर या कारखान्याचे प्रमुख म्हणून आले आणि आपल्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या या मुलाचे गुण त्यांनी हेरले. पुढे डायम्लर जिथे गेले, तिथे मायबाख गेले. आधी कार्ल्सरूह, मग १८७२ पासून कलोनजवळ निकोलाउस ओटो यांचा डॉइट्झ येथील इंजिन कारखाना. ओटो यांच्या चार फेऱ्यांच्या इंजिनाला कारखान्यात तयार होण्याजोगे रूप देण्यात मायबाख यांचा मोठा वाटा होता.

ओटो यांच्याशी बिनसल्यावर डायम्लर १८८२ मध्ये कानश्टाटला आले. मायबाखही आले. त्या काळची इंजिने अवजड आणि संथ होती. मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे म्हणजे पुष्कळ. काचघरातल्या इंजिनाने सहाशेचा आकडा गाठला. १८८५ मध्ये ते एका लाकडी दुचाकीवर बसवले गेले, वर्षभराने घोडागाडीवर.

मात्र इंजिन जोरात फिरू लागले, तसा इंधनाचा प्रश्न उग्र झाला. सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा पेट्रोलवरून नेत असत आणि उडालेली वाफ ती सोबत घेई. यात खोट अशी, की पेट्रोलचा हलका अंश आधी उडून जाई आणि जड अंश तळाशी उरे. त्यामुळे सकाळचे मिश्रण एक आणि दुपारचे दुसरे. थंडीवाऱ्यात तर भरवसाच नाही.

दरम्यान १८९० मध्ये भांडवलदारांच्या मदतीने डायम्लर कंपनी उभी राहिली आणि तिथेच माशी शिंकली. मायबाख यांना देऊ केलेल्या अटी त्यांना मान्य होण्याजोग्या नव्हत्या. १८९१ च्या प्रारंभी ते बाहेर पडले. डायम्लर स्वतः कंपनीत असूनही एकाकी पडले होते. त्यांनी स्वतःचा पैसा ओतून मायबाख यांना कानश्टाटमधील हेर्मान नावाच्या बंद पडलेल्या हॉटेलात कार्यशाळा थाटून दिली. नृत्याच्या दालनात लेथ फिरू लागले. याच ठिकाणी १८९३ मध्ये मायबाख यांनी फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला.

त्याची करामत वरकरणी साधी आहे. एका लहान कप्प्यात तरंगता फुगा पेट्रोलची पातळी कायम राखतो. पातळी नळीच्या तोंडाच्या किंचित खाली असते. दट्ट्याने हवा ओढली, की ती नळीजवळून वेगाने जाते आणि पेट्रोलचा तुषार सोबत खेचून घेते. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, हवा कमी तर पेट्रोल कमी. जेवढी भूक, तेवढा घास! भारतात मारुती ८०० च्या बहुतांश गाड्या २००० सालापर्यंत ज्या कार्ब्युरेटरवर धावल्या, तो याच कुळातला.

कंपनीचे मायबाख यांच्यावाचून अडू लागले. १८९५ मध्ये एका इंग्लिश गटाने परवान्यासाठी मोठी रक्कम देऊ केली, पण डायम्लर यांना परत घेण्याच्या अटीवर. डायम्लर परतले, त्यांच्यासोबत मायबाखही तांत्रिक प्रमुख म्हणून परतले. मार्च १९०० मध्ये डायम्लर वारले. त्याच वर्षी नीस येथील व्यापारी एमिल येलिनेक यांनी ३६ वेगवान गाड्यांची मागणी नोंदवली. मात्र गाडीला आपल्या मुलीचे नाव हवे, असा त्यांचा हट्ट होता. ती मुलगी मर्सिडीज. मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीची, ठेंगणी, पोलादी सांगाड्याची गाडी उभी केली. थंड ठेवण्यासाठी ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर आणि चार सिलिंडरना दोन कार्ब्युरेटर. स्टिअरिंगवरच्या दांडीने चालक इंजिनाचे फेरे मिनिटाला ३०० ते १००० या टप्प्यात हवे तसे ठेवू शकत असे. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने इतरांना मागे टाकले.

ती दांडी पुढे पायाखाली गेली आणि अॅक्सिलरेटर झाली. आजच्या पेट्रोल गाडीत मिश्रणाचा हिशेब संगणक करतो. हवेच्या मार्गातील झडप किती अंशांनी उघडली, हे त्याला थ्रॉटल पोझिशन सेन्सर सांगतो. हा सेन्सर झिजला, की गाडी झटके खाते, सिग्नलला उभी असताना फेरे वरखाली होतात. हौशी मालक तो घरीच बदलतात. बॅटरीची तार काढून दोन स्क्रू सोडवायचे, नवा सेन्सर बसवायचा, मग तार जोडून, चावी फिरवून, झडप पूर्ण मिटलेली असताना मल्टिमीटर लावायचा आणि पुस्तिकेतला व्होल्टेजचा आकडा येईपर्यंत सेन्सर किंचित फिरवून स्क्रू आवळायचे. (काही गाड्यांत तो फिरवण्याची सोयच नसते.) आकडा चुकला, तर संगणकाला हवेची भूक चुकीची कळते. हॉटेलाच्या दालनात मायबाख याच भुकेचा हिशेब सोडवत होते.

मर्सिडीजच्या यशानंतरही मायबाख यांच्या वाट्याला मानाचे दिवस फार आले नाहीत. डायम्लर यांचा आधार गेला होता. संचालकांनी हळूहळू त्यांना मुख्य कामापासून दूर केले आणि १९०७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपनी सोडली. अनाथालयातून वर आलेल्या या माणसाने घरी बसून राहणे पत्करले नाही. झेपेलिन यांच्या महाकाय हवाई जहाजांना भरवशाची इंजिने हवी होती. मायबाख यांनी १९०९ मध्ये त्यांच्या साहाय्याने नवा कारखाना काढला आणि तांत्रिक सूत्रे मुलाच्या, कार्ल यांच्या हाती दिली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विमानइंजिनांवर बंदी आली, तेव्हा १९२१ पासून कार्ल यांनी मोटारी बनवल्या. पित्याचे आडनाव प्रथमच गाडीच्या नाकावर झळकले.

श्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयाने १९१६ मध्ये मायबाख यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी कानश्टाट येथेच त्यांचे निधन झाले. तेथील उफ-किर्शहोफ दफनभूमीत त्यांची कबर आहे. डायम्लर यांचीही तिथेच आहे.